सरावाची फेरी

स्टिअरिंग आपोआप फिरलं तेव्हा शशिकलाच्या हातात धूळ पुसायचं फडकं होतं. कॉम्प्युटर चालू करून ठेव, गेमचं अपडेट उतरायचं राहिलंय, असं तिचा नवरा उदय ड्यूटीवर जाताना सांगून गेला होता. तिने बटण दाबलं, अपडेट उतरलं, आणि ती टेबल पुसायला लागली तोच कडेला आवळून बसवलेलं ते काळं चाक पार डावीकडे गेलं, तिथून पार उजवीकडे, आणि मग मधोमध येऊन गप्प झालं. तिच्या मनगटाला हिसका बसला. लागलं काहीच नव्हतं, पण ती दोन पावलं मागे सरकली आणि तिने आधी आतल्या खोलीकडे पाहिलं. घरात काहीही वाजलं, पडलं, हललं की ती आधी लेक रेवा कुठे आहे ते पाहते. रेवा शाळेत होती. क्वार्टरमध्ये फक्त पंखा होता आणि पडद्यावर उभी असलेली एक लाल गाडी. नव्या अपडेटमध्ये चाक सुरुवातीला स्वतःला तपासून घेतं, हे उदयने सांगितलंही होतं. पण ते जेवताना सांगितलं होतं, आणि जेवताना तो गेमबद्दल जे बोलतो त्याला ती वाढता वाढता नुसता हुंकार देते. हिसका मात्र तिच्या ओळखीचा होता. खरी गाडी मरताना असाच देते. एकच, खोकल्यासारखा. कपाळ पुढे जातं, मागे येतं, आणि मग जी शांतता होते तिच्यात मागच्या सगळ्यांचे हॉर्न ऐकू यायला लागतात.

दोन वर्षांपूर्वी, लायसन्स नवंकोरं असताना, ती उदयला आणायला म्हणून गाडी घेऊन कारखान्याच्या फाटकापर्यंत गेली होती. पाळी सुटायची वेळ तिने ध्यानात घेतली नाही. भोंगा झाला आणि फाटकातून स्कूटर, मोटरसायकली, सायकली असा लोंढा अंगावर आला, आणि त्याच्या बरोबर मध्ये गाडी बंद पडली. सुरू केली, हिसका, बंद. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. लोंढा तिच्या दोन्ही बाजूंनी फुटून वाहत राहिला. कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. सगळे समजूतदार होते. डबा हँडलला लटकवलेले लोक काचेतून आत वाकून सांगत होते, "आराम से, भाभीजी", "क्लच धीरे छोड़िए, भाभीजी". शेवटी उदयच्याच शॉपमधला, त्याच्या विभागातला, कुणीतरी आला, "सरकिए भाभीजी" म्हणाला आणि ती सरकली. संध्याकाळी दुधाच्या बूथवर एक बाई म्हणाल्या, "सुना आज आपने पूरी फैक्टरी रोक दी?" घरी येऊन तिने ते उदयला सांगितलं, तो पोट धरून हसला, तीही हसली. त्यानंतर तिने गाडी चालवली नाही. कोणी नको म्हटलं नव्हतं. सराव करायला हवा, असं अधूनमधून बोललं जायचं, जसं माळा एकदा आवरायला हवा असं बोललं जातं.

आणि मग फेब्रुवारी. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये रीतच आहे, घरचा माणूस साइटवर गेला की गाडीची चाबी शेजारी जाते. उदय टर्बाइन बसवायला जातो तो महिनोन् महिने जातो. गाडीवर कव्हर चढतं, आणि बॅटरी उतरू नये म्हणून शेजारचा माणूस दर रविवारी ती सुरू करून देतो. त्यांच्या शेजारी सक्सेनाजी, ह्याच कारखान्यातून रिटायर झालेले. रविवारी पूजा आटपून पांढऱ्या बनियनवर येतात, कव्हर काढतात, इंजिन सुरू करून बॉनेटपाशी कान देऊन उभे राहतात. "बोल रही है," असं म्हणतात, "अच्छा बोल रही है." ती त्यांना चहा देते. क्वार्टरांच्या सगळ्या ओळीत असंच चालतं, म्हणून त्यात काही चुकीचं आहे असं कुणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं. फेब्रुवारीत उदय हिमाचलात होता. एका संध्याकाळी रेवाला दम लागला आणि नेब्युलायझर लावूनही उतरेना. शशिकलाने तिला खांद्यावर घेतलं आणि सक्सेनाजींचं दार गाठलं. दाराला कुलूप. पुतण्याच्या लग्नाला सगळे विदिशाला गेलेले, आणि चाबी आत, त्यांच्या देवघराशेजारच्या खिळ्याला. दुसरी चाबी उदयच्या बॅगेत, हिमाचलात. कव्हर घातलेल्या गाडीशेजारी ती रेवाला घेऊन उभी होती. रेवाच्या गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता, आणि गाडी तिच्या कोपराला लागत होती, इतकी जवळ होती. मग अवधपुरीकडून एक रिकामी ऑटो आली. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "ज़रा और पहले लातीं." एवढंच म्हणाले, पण ते तिला अजून ऐकू येतं.

पुढे सगळे चाबीबद्दल बोलले. सक्सेनाजींनी डोळे पुसले, उदय फोनवर म्हणाला की दुसरी आपण घरीच ठेवायला हवी होती, सक्सेना काकूंनी मारुतीला नारळ फोडला. चाबी नव्हती म्हणून झालं, हे ठरून गेलं. शशिकलाचं तसं ठरत नव्हतं. चाबी असती तर? भांडी घासताना, रेवाची वेणी घालताना, स्वतःला कितीदा विचारलं तरी उत्तर मनाकडून यायचंच नाही. यायचं ते डाव्या पायाकडून. पोटरी बारीक थरथरायला लागायची.

आता आठवड्याभराने उदय पुन्हा निघणार होता. तिने फडकं खिडकीत टाकलं, उदयची खुर्ची ओढली आणि ती बसली. नुसतं बघावं म्हणून नाही. पाय पेडलपर्यंत पोचेनात म्हणून तिने टेबलाखाली वाकून पेडलांची पाटी आपल्याकडे ओढली, आणि साडीचा घोळ गुडघ्यावर घेतला.

जुना गेम तिने पाहिला होता. उदयने एकदा हट्टाने बसवलं होतं, तेव्हा गाडी बंदच पडायची नाही. गिअर चुकवा, ब्रेक दाबून धरा, भिंतीवर घाला, इंजिन आपलं चालू. तिला ते खोटं वाटलं होतं, कधीच न रडणाऱ्या बाळासारखं. आज पहिल्यांदा ध्यानात आली ती थरथर. गाडी नुसती उभी होती तरी चाक हातात बारीक कापत होतं, पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर तळवा ठेवल्यावर कापतं तसं. मग आरसे. पूर्वी त्यांत काहीतरी करडं रंगवलेलं असायचं. आता मागचा रस्ता दिसत होता, त्याच्या कडेचं गवत वाऱ्याने वाकत होतं, आणि ढगाची सावली चालत येऊन डॅशबोर्डवरून निघून गेली तेव्हा तिने नकळत पदर सावरला. प्रेक्षकही पूर्वी पुठ्ठ्याचे होते, आता माना वळवत होते. तिला अशा गोष्टी चटकन दिसतात: दर चार माणसांनंतर तीच पिवळ्या कपड्यातली बाई बसवलेली होती. शेकडो पिवळ्या बाया, सगळ्या हिच्याकडे बघणाऱ्या. स्पीकरमधून कुणी इंग्रज शांतपणे म्हणाला की टायर गार आहेत, पहिली फेरी सांभाळून. ते तिला आवडलं. सुरुवातीला घसरतंच, हे कुणीतरी आधी सांगितलेलं बरं असतं.

तिने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. हिसका. गाडी मेली. आणि मग पक्षी ऐकू आले. तिला आधी वाटलं बाहेरच्या गुलमोहरावर आहेत. पण नाही, स्पीकरमधून येत होते. ह्या नव्या गेममध्ये कुणीतरी त्या रस्त्याकडेच्या झाडांत पक्षी घालून ठेवले होते, आणि ते ऐकायचे तर गाडी बंदच पडायला हवी. उदयने ते कधी ऐकले नसणार. ती काही वेळ तशीच बसली. हॉर्न वाजला नाही. काचेतून कुणी वाकलं नाही. चाक हातात निपचित होतं, पिवळ्या बाया बघत होत्या, त्यांना बघू दे. तिने पुन्हा सुरू केली.

पुन्हा मेली. पुन्हा. ब्रेक दाबला की खुर्ची चाकांवरून मागे पळायची आणि ती गाडीपासून दूर जायची, म्हणजे नेमकं थांबायच्या क्षणी पाय पेडलावरून निसटायचा. तिला हसू आलं आणि रागही आला. तिने ती खुर्ची ढकलून दिली, स्वयंपाकघरातली लाकडी आणली, तिची पाठ कपाटाला टेकवली. आता मागे जायला जागाच नव्हती. हळूहळू तिच्या तळपायाला क्लचमधली ती जागा सापडायला लागली, जिथे इंजिनचा आवाज जरासा खाली बसतो आणि चाकातली थरथर बदलते. सोडायचं तिथे थांबायचं. पुस्तकात वाचलं होतं, ड्रायव्हिंग स्कूलचा माणूस ओरडून सांगायचा, पण त्याचा पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर असायचा, त्यामुळे गाडी कोण चालवतंय हे तिला कधी कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दुपारी तिने चुकून शर्यत निवडली. दिवे लागले, विझले, आजूबाजूच्या सगळ्या गाड्या किंचाळत निघून गेल्या आणि ही आपली तिथेच, पक्षी ऐकत. मग सुरू करून कडेकडेने चालायला लागली तोवर ते सगळे पुढची फेरी मारून मागून आले. एकेक अंगावरून जाताना चाक हातात शहारत होतं. तिची पोटरी थरथरली. ती थांबली नाही. सावकाश, डावी बाजू धरून, ती त्या लोंढ्यातून चालत राहिली. चढावर गाडी मागे घरंगळली, तिथे मुद्दाम थांबली, पुन्हा घरंगळली, पुन्हा थांबली. ज्या गोष्टी गेमवाल्यांना सुचल्या नव्हत्या त्या ती मनाने घालत होती. त्या वळणावर एक गाय. इथे चुकीच्या बाजूने येणारी स्कूटर, तिच्यावर गॅस सिलिंडर. आणि मागच्या सीटवर रेवा, श्वास मोजत नाही, नुसती बसलेली. शेवटी पडद्यावर सगळ्यांची नावं आली. सगळ्यात खाली उदयचं, गेम त्याच्याच नावावर होता. तिने कॉम्प्युटर बंद केला आणि रेवाला बसवरून आणायला गेली, आणि तिसऱ्या दुपारी पुन्हा बसली. आदल्या दिवशी शाळेला सुट्टी लागली होती, म्हणून रेवा जवळ वेताच्या मोड्यावर.

"पेडल कोणी पुढे ओढलं?" उदयने संध्याकाळी टेबलाखालून विचारलं.

"आईने," रेवा म्हणाली. "आई रेस खेळते. आई नेहमी शेवटी येते."

उदय बाहेर आला तो डोकं आपटून. "खरंच? मग? कशी वाटली नवीन गाडी? टायर बघितलेस का, गार असताना कसे सरकतात? आता खरी झालीय, आधी नुसतं खेळणं होतं."

"बंद पडते," शशिकला म्हणाली.

"हां, तो क्लच खरा केलाय ना. डोकेदुखी आहे. ते घालवता येतं, सेटिंगमध्ये आहे. घालवतोच आज."

"नको. राहू दे तसंच." तिने पोळी तव्यावरून उतरवली. "आणि या वेळी गाडीची चाबी माझ्याकडे राहील."

"किल्ली," तो सवयीने म्हणाला. तो साताऱ्याचा, ती उज्जैनची. लग्नापासून हे चालू होतं.

"किल्ली म्हण, चाबी म्हण. राहील माझ्याकडे. दोन्ही."

त्याने आपटलेलं डोकं चोळलं. मग जे बोलला ते मायेनेच बोलला, तिला ते कळत होतं. "शशी, गेम वेगळा, रस्ता वेगळा. तिथे गडबड झाली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं."

"बंद पडली तर रस्त्यावरही पुन्हा सुरू करता येते. मागचा हॉर्न वाजवतो, एवढंच."

"आणि फाटकावर झालं तसं झालं तर?"

"तर मी सरकणार नाही."

"सक्सेनाजींना वाईट वाटेल गं."

"चहाला येतीलच की ते. चहा कुठे बंद केलाय?"

तो हसला. "बरं बाई. मग मला स्टेशनवर तूच सोड." थट्टा होती की आव्हान, त्याचं त्यालाही माहीत नसावं. ती म्हणाली, "सोडते." आणि पोळी लाटायला लागली.

रविवारी सकाळी तो शेजारी बसला आणि तिने खरी गाडी काढली. पिपलानीच्या आतल्या रस्त्यांवर गर्दी नसते. तरी पहिल्या वळणाला तिला कळलं की गेममध्ये एक गोष्ट नव्हती, आणि ती गाय नव्हे. तिथे पोटात काही हलत नव्हतं. इथे गाडी वळली की शरीर वळत होतं, ब्रेक लागला की जेवलेलं पुढे येत होतं, सीटला रेवाच्या सांडलेल्या फ्रुटीचा आंबूस वास होता. क्लच गेमपेक्षा हलका निघाला आणि त्यामुळे ती चार वेळा फसली. पण प्रत्येक वेळी हिसक्यानंतरच्या शांततेत तिचा हात आपोआप चाबीकडे गेला. पूर्वी तो तोंडाकडे जायचा.

निघायच्या दिवशी उदयची शताब्दी दुपारची होती. डिकीत बॅगा, मागे रेवा, शेजारी उदय, आणि रस्त्यावर ऊन. बरखेड्याच्या पुढच्या चढावर पुढची मिनीबस अचानक थांबली आणि गाडी बंद पडून मागे घरंगळली. मागून हॉर्न लागला. उदयचा हात हँडब्रेककडे आला.

"हात काढ," ती म्हणाली.

"अगं, मागे—"

"दिसतंय मला मागचं. हात काढ."

त्याने हात मांडीवर ठेवला, दुसऱ्या हाताने तो धरून. तिने ब्रेक दाबला, सुरू केली, तळपायाने ती जागा शोधली, इंजिनचा आवाज खाली बसेपर्यंत थांबली. हॉर्न चालूच होता. माणूस वाजवतो, त्याला घाई असते. ती निघाली.

हबीबगंज स्टेशनला गाडी लावून ते उतरले, आणि पार्किंगच्या कडेला, चहाच्या टपरीच्या सावलीत, सक्सेनाजी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात रिकामी पिशवी. "आ गए? मैं तो मिनीबस से कब का आ गया. उदय ने कहा था ना, गाड़ी वापस ले जानी है."

शशिकलाने उदयकडे पाहिलं. तो बॅगेची चेन लावत होता. ती आधीच लागलेली होती. "म्हटलं परत येताना तू एकटी," तो चेनकडे बघत म्हणाला. "रेवा बरोबर. मला ट्रेनमध्ये बसून नुसतं हेच डोक्यात..." तिला बोलायचं होतं खूप. पण लाउडस्पीकरवर त्याच्याच गाडीचा पुकारा झाला आणि हमाल बॅग घेऊन चालायलाही लागला. फेब्रुवारीत तो फोनच्या त्या टोकाला एकटा होता, हे तिला तेव्हा सुचलंच नव्हतं. तिने त्याच्या कॉलरवरचा धागा काढला. "पोचलास की फोन कर," ती म्हणाली. "मीही करीन. पोचले की."

शताब्दी गेली. सक्सेनाजींनी हात पुढे केला, नेहमीसारखा, तळवा वर. "लाओ बिटिया."

"अंकलजी, आप पीछे बैठिए. रेवा के पास."

"पीछे?"

"आगे बैठेंगे तो आपका पैर ब्रेक ढूँढेगा. फिर मेरा पैर आपका पैर देखेगा."

सक्सेनाजींनी त्या उघड्या तळव्याकडे पाहिलं, मग तो पिशवीखाली घेतला. चाळीस वर्षं ते कुणाच्या मागे बसले नसतील. रेवाने आतून दार उघडलं आणि सीटवर थापटून म्हणाली, "इथे बसा. आई हळू चालवते, घाबरू नका." त्यांना मराठी कळत नाही, पण ते कळलं. पार्किंगच्या फाटकातून बाहेर पडताना गाडी एकदा बंद पडली, मागे ऑटोंची रांग ओरडायला लागली, आणि मागच्या सीटवरून अगदी हळू आवाज आला, "उतरूँ क्या?"

"बैठे रहिए."

तिने सुरू केली. बरखेड्याच्या चौकात घराचं वळण आलं आणि तिने दुसऱ्या बाजूचा इंडिकेटर दिला. सक्सेनाजी पुढे वाकले. "बिटिया, घर इधर है." वळताना तिला बोलता येत नव्हतं. हॉस्पिटलची भिंत सुरू झाली तेव्हा ते एकदम रेवाच्या कपाळाला हात लावून पाहायला लागले. "क्या हुआ? बच्ची तो ठीक है!"

"ठीक है, अंकलजी."

पहिलं फाटक फक्त बाहेर पडायचं होतं, तिथे साखळी होती. ती पुढे गेली. दुसऱ्या फाटकात उंच स्पीडब्रेकर, तो पहिल्या गिअरमध्येच घ्यायचा. डावीकडे ॲम्ब्युलन्सची जागा, तिथे थांबायचं नाही. पोर्चखाली दोन गाड्या मावतील. तिने गाडी पोर्चखाली उभी केली, दार उघडून खाली पाय टेकला, रेवाच्या बाजूचं दार किती पावलांवर येतं ते पाहिलं. गार्ड धावत आला, स्ट्रेचरसाठी मागे हात करत. "मरीज कहाँ है?"

"मरीज नहीं है, भैया. जगह देखने आए हैं."

गार्डने तिच्याकडे पाहिलं, मग मागे बसलेल्या इस्त्रीच्या शर्टातल्या म्हाताऱ्याकडे. पिशवी दोन्ही हातांनी गुडघ्यांवर धरून सक्सेनाजी काचेतून त्या पोर्चकडे, त्या काचेच्या दारांकडे बघत राहिले, जिथे फेब्रुवारीत ते नव्हते. मग घसा साफ करून म्हणाले, "तो अब घर?"

"घर," शशिकला म्हणाली. तिने आरसा नीट केला, त्यात रेवाचा भांग दिसला. "और फिर घर से यहाँ. एक बार और."